फिल्टरच्या खोक्यातली पत्रं

मस्कत
१२ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
येडूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

खोकं उघडताना कात्री खोल घालू नको, वरच पत्र ठेवलंय. मागच्या खेपेला पत्राचं एक टोक कापून गेलं होतं आणि "दाजींची तब्येत" याच्या पुढचं मी काय विचारलं होतं ते तुला कळलंच नाही.

जुलैत बसवलेल्या फिल्टरला आता सहा महिने झाले. फ्रीजवरचा दिवा तांबडा झाला असेल. आतल्या उजव्या कोपऱ्यातलं झाकण उघडायचं, जुना फिल्टर डावीकडं पाव फेरा फिरवून ओढायचा, नवा घालून उजवीकडं फिरवायचा. टक् असा आवाज आला पाहिजे. मग दोन घागरी पाणी सोडून द्यायचं. पहिलं पाणी काळं येतं, ती आतल्या कोळशाची भुकटी असते, भिऊ नको. शेवटी बटण तीन सेकंद दाबून धर, दिवा हिरवा होतो. दरवेळी लिहितो आणि दरवेळी तू हसत असशील. पण दिवसभर दुकानात फ्रीजचे सुटे भाग विकतो, दुसरं काय सुचणार?

परवा एक म्हातारी दुकानात आली. तीन वर्षं फिल्टर बदललाच नव्हता. मी तो तिच्यासमोर कापून दाखवला, तर आतून गेरूसारखा लाल चिखल. ती बघत बसली आणि मला आपला ओढा आठवला. मैंदर्गीच्या माळावर मेंढरं घेऊन अव्वाबरोबर जायचो तेव्हा उन्हाळ्यात ओढा कोरडा ठणठणीत असायचा. अव्वा वाळूत झिरा उकरायची. हातभर खड्डा. करवंटीनं पहिलं पाणी काढून फेकायची, ते गढूळ. दुसरंही फेकायची. तिसरं पाणी आरशासारखं. तोवर मी रडून रडून बेजार. "थांब की रे, वाळूला गाळू दे," म्हणायची. सगळ्यांचं पिऊन झालं की मग स्वतः प्यायची.

अव्वा गेली तेव्हा मी, तिचा मुलगा, तिथं नव्हतो. पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला, हे तुला माहीत आहे, पण गावात कुणाकुणाला सांगणार? एकच समाधान आहे. शेवटचे दोन महिने ती मी पाठवलेल्या फ्रीजचं गार पाणी प्याली. शेवटचा घोटही त्यातलाच होता, असं तू सांगितलंस. तेवढ्यावर दिवस काढतोय.

फोनवर तू "बरं हाय" म्हणतीस, मीही "बरं आहे" म्हणतो आणि संपतं. म्हणून हे लिहिणं. यंदा दिवाळीला नक्की येतो. आठ वर्षं झाली.

दाजींना नमस्कार. तुझ्या नातीला, सृष्टीला, पापा.

तुझा
येडू


॥ बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर
९ फेब्रुवारी २०२४

चि. येडूस,
बजाक्काचा आशीर्वाद.

खोकं मिळालं. पत्र साबूत हाय. तू पत्रात "आहे-नाही" लिवतोस मास्तरावानी, वाचताना मला वाटतं अंगणवाडीत साहेब तपासणीला आलाय.

दिव्याचं म्हणशील, तर दिवा आता तांबडा दिसत न्हाय. घरात समदे चांगलं पाणी पित्यात, कुणाचं पोट दुखत न्हाय. नळाला पाच दिवसाआड पाणी येतंय, मग सून रुपाली आनि मी टाकी, पिंप, घागरी, पातेली, जे दिसंल ते भरून घेतो. तुजे दाजी चिंचोळीच्या कंपनीतनं रिटायर झाल्यापासून पाण्याच्या दिवशी सायबावानी खुर्ची टाकून बसत्यात आनि "त्या पिंपाला झाकण घाला" म्हणून हुकूम सोडत्यात.

झिऱ्याचं तुला निम्मंच आठवतंय. खड्डा अव्वा न्हाय, मी उकरायची. तिचा हात मेंढरांच्या मागं. माजी नखं फुटायची वाळूनं. आनि तू रडत बसायचास हे खरं, पर एकदा तू थांबला न्हाईस. दुसरंच पाणी ओंजळीनं प्यालास. दोन दिवस पोट धरून पडलास आनि अव्वानं मला मारलं, का, तर मी बघितलं न्हाय म्हणून. तू आठ वर्षांचा, मी सोळा. माजं लगीन ठरलेलं. तेच्या पुढच्या उन्हाळ्यात मी हितं सोलापुरात आले, नळाचं पाणी प्याले, आनि मला पैल्या दिवशी काय वाटलं असंल सांग? पाण्याला काय बी वास न्हाय. तवा अव्वा आनि तू लई आठवला.

दिवाळीला ये. दोन वेळा तू येतो म्हणालास आनि आला न्हाईस. औंदा म्या कुणाला सांगितलं न्हाय, दाजीला बी न्हाय. तू दारात उभा राहिलास की मंग सांगीन.

तुजी
अक्का


मस्कत
२० ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
येडूचा नमस्कार.

एक वाईट बातमी आणि एक चांगली. आपल्या फ्रीजचा फिल्टर कंपनीनं बनवायचा बंद केला. नव्या मॉडेलचा बसत नाही, मी घासून, कापून सगळं करून बघितलं. मालक म्हणाला जुना माल काढून टाकतो. मी सगळाच उचलला. चौदा नग! म्हणजे अक्का, सात वर्षांचं पाणी झालं. सात वर्षं तुला दिव्याकडं बघायची गरज नाही. मोठं खोकं आहे, जहाजाच्या कार्गोनं येईल, महिना-दीड महिना लागेल.

यात तिकिटाला ठेवलेले पैसे गेले. म्हणून दिवाळीला जमत नाही. रागावू नको. मी येऊन तरी काय करणार होतो? चार दिवस खाऊन-पिऊन परत. त्यापेक्षा ही व्यवस्था पक्की. अव्वासाठी घेतलेली वस्तू तिच्या माघारी बंद पडू दिली, असं व्हायला नको.

मंजुनाथ आठवतो का, अक्कलकोट रोडचा, माझ्याच दुकानात आहे? तो म्हणाला, "एवढे फिल्टर घेऊन तुझी बहीण काय दुकान टाकणार काय?" मी म्हणालो, आमच्या घरचा फ्रीज हा साधा फ्रीज नाही.

पत्राचं उत्तर लवकर दे.

येडू


॥ बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर
६ सप्टेंबर २०२४

चि. येडू,

तुजं पत्र काल दुपारी आलं. मी जेवले न्हाय. रुपालीनं विचारलं, "आत्या, काय झालं?" म्या म्हणाले, माजं पाप झालं.

ते खोकं थांबव. अजून जहाजावर चढलं नसंल तर उतरव.

येडू, फ्रीज बंद हाय. आज न्हाय, तीन वर्सं झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दोन हजार एकवीस साली, लाइट गेली आनि परत आली ती लई जोरात आली. फ्रीजमदनं फट् असा आवाज आला आनि तो गप झाला. बसूला बोलावलं, तो आमच्या गल्लीतला मेकॅनिक. तेनं मागनं उघडून बघितलं, म्हणाला, "मावशी, हेचा कंप्रेसर गेलाय आनि हा हिकडं मिळत न्हाय. बाहेरचा माल हाय." तवापासून तो तसाच उभा हाय. आत ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, पापड, सृष्टीच्या परीक्षेचे कागद. उंदीर जात न्हाईत, मुंग्या जात न्हाईत. तुजे सहा फिल्टर बी तितंच, वरच्या कप्प्यात, खोकी न फोडता. एक तेवढा सृष्टीनं खेळायला घेतलाय, बाहुलीचा गॅसचा सिलिंडर म्हणून.

"दिवा तांबडा दिसत न्हाय," असं म्या लिवलं. दिवाच लागत न्हाय तर तांबडा कुटनं दिसंल? खोटं एक बी अक्षर लिवलं न्हाय आनि खरं बी न्हाय. तुला वाटंल, अक्का अशी कशी.

का सांगितलं न्हाय, ते बी ऐक. पैल्या खोक्यात तुजं पत्र आलं तवा म्या ते दहा वेळा वाचलं. फोनवर तू कदी झिरा म्हणाला न्हाईस, करवंटी म्हणाला न्हाईस. खोक्यात तू म्हणतोस. मला वाटलं, फ्रीज गेला सांगितलं की फिल्टर बंद, फिल्टर बंद की खोकं बंद, खोकं बंद की तू. सहा महिन्यानं एकदा पोस्टमन दारात येतो, ओरडतो, "बजाबाई, परदेशातनं आलंय!" समद्या गल्लीला कळतं माजा भाऊ हाय म्हणून.

पर तू तिकीट मोडशील असं मला सपनात बी वाटलं न्हवतं. मला फिल्टर नगो. तू ये.

अक्का


मस्कत
१ ऑक्टोबर २०२४

अक्का,

खोकं गोदीतच अडकलं होतं, माघारी आणलं. पत्र वाचून मी आधी हसलो. बाहुलीचा सिलिंडर! मंजुनाथलाही वाचून दाखवलं. मग रात्री राग आला, मग सकाळी परत हसू आलं. तीन वर्षं मी तारीख धरून, मालकाची बोलणी खाऊन फिल्टर पाठवायलोय आणि तिकडं आत पीठ!

असू दे. पण एक ऐक. फ्रीज भंगारात घालू नको. कंप्रेसर मी इथून शोधतो. जुन्या माणसांकडं विचारतोय, दुबईला एकाकडं असेल म्हणतात. दोन-चार महिने लागतील. मिळाला की पाठवतो, त्या बसूला बसवता येईल, चित्र काढून देतो.

येण्याचं तू लिहिलंस. अक्का, मी आलो काय, नाही आलो काय, आता काय फरक पडतो? ज्या वेळी यायचं होतं तेव्हा आलो नाही. इथं कुणी विचारतं, आईच्या मातीला गेला नव्हतास का, तर मी सांगतो, गेलो नाही, पण तिच्या घशाला शेवटपर्यंत गार पाणी मी दिलं. हे बोललो की माणूस गप बसतो. अव्वाचं माझ्याकडचं देणं तेवढं तरी फिटलं. म्हणून म्हणतो, मशीन जपून ठेव. ते चालू झालं की झालं. मी तिथं असायची गरज नाही.

येडू


॥ बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर
२५ ऑक्टोबर २०२४

चि. येडूस,
अक्काचा आशीर्वाद.

हे पत्र लिवायला मला पंधरा दिवस लागले. दोनदा फाडलं. तुज्या दाजीला विचारलं, सांगू का नगो. ते म्हणाले, "मेलेल्या माणसाचं वचन हाय, मोडू नको." मंग तुजं पत्र परत वाचलं. "मी तिथं असायची गरज नाही." हे वाचलं आनि ठरवलं. अव्वा मला काय म्हणायचं ते वर गेल्यावर म्हणू दे.

येडू, अव्वानं तुज्या फ्रीजचं पाणी प्यालं न्हाय.

टेम्पोतनं फ्रीज आला तो दिवस तुला सांगितलाय, पर निम्माच. समदी गल्ली बघायला आली. अव्वानं तेला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, बाईसारखी तेची वटी भरली. नळ जोडून झाला. म्या पैला पेला भरून तिला दिला. तिनं घोट घेतला, तोंडात धरला. मी बघतेय. गिळला. मंग हळूच म्हणाली, "बजे, ह्या पान्याला चव न्हाय गं. ढग पेल्यावानी वाटतंय. मला आपलं मातीच्या डेऱ्यातलं दे."

म्या म्हणाले, "अव्वा, येडूनं एवढं पाठवलंय, दोन घोट घे की."

"घेतला की एक. देवाला निवद दावतो तसा. आता डेऱ्यातलं दे."

तेवढ्यात तुजा फोन आला. तू लांबनं ओरडत व्हतास, आमाला समद्यांला ऐकू येत व्हतं, "अव्वा, गार हाय का पाणी?" आनि ती, येडू, जिला उठून बसवावं लागायचं ती फोन दोन्ही हातांनी धरून ताठ बसली आनि म्हणाली, "व्हय बाळा! लई गार! घशातनं पोटात गेलेलं कळतंय बघ!" फोन ठेवला आनि माजा हात धरला. "त्येला सांगू नको. आता जाताना त्येला द्यायाला माज्याजवळ काय न्हाय. एवढं तरी त्येच्याजवळ ऱ्हाऊ दे."

रोज तू विचारायचास, रोज ती तसंच सांगायची. शेवटच्या दिवशी सकाळी तिच्या तोंडात पाणी घातलं ते बी डेऱ्यातलंच. म्याच घातलं. तुला फ्रीजचं सांगितलं.

हे वाचून तू मला काय म्हणशील ते म्हण. पर पत्र फेकू नको, पुढचं वाच.

फ्रीज आला तेच्या दुसऱ्या दिवशी तिनं आपलं आंथरूण खोलीतनं उचलायला लावलं आनि सैपाकघरात, फ्रीजच्या बाजूला टाकायला लावलं. आमी म्हणालो, हितं उकाडा हाय, पाय अडखळत्यात. ऐकंना. तुला ठावं हाय तो फ्रीज मधनंच घुर्र करायचा, मंग गप, मंग परत घुर्र. ती तेच्या दाराला पाठ लावून निजायची. म्या एकदा विचारलं, "अव्वा, आवाजानं झोप लागती का?"

तर म्हणती कशी, "अगं, त्यो घोरतोय. येडू बारीक असताना मेंढराच्या वाड्यात माज्या पाठीला पाठ लावून निजायचा, असाच घोरायचा. मधी गप व्हायचा तर मला जाग यायची, पोराचा श्वास चाललाय का बघायला."

दोन महिने ती अशी निजली. डाक्टर म्हणाला व्हता, म्हातारीला झोप लागणार न्हाय, गोळ्या द्या. एक बी गोळी लागली न्हाय.

तू पाठवलेल्या पाण्यानं तिची तहान भागली न्हाय, पर तू तिच्या पाठीशी व्हतास. तो फ्रीज फट् करून गप झाला तवा मी का रडले, ते रुपालीला आजून कळलेलं न्हाय.

कंप्रेसर शोधू नको. तू ये.

तुजी
अक्का


॥ बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर
१४ जानेवारी २०२५

चि. येडू,

संक्रांतीचा तिळगूळ कागदात घालून पाठवतेय, फुटला तर चुरा खा. पत्र न्हाय. फोन लावला की "गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवतोस. तीन महिन्यात एक शुक्रवार बी तुला सुट्टी मिळाली न्हाय का? शिव्या द्यायच्या असल्या तरी कागदावर लिहून दे. मी वाचीन.

अक्का


मस्कत
६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
येडूचा नमस्कार.

तिळगुळाचा चुराच झाला होता. मंजुनाथ आणि मी चमच्यानं खाल्ला.

तुझं दिवाळीतलं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांवर बसून वाचलं. पाणी प्यायली नाही इथवर वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. पुढं वाचलंच नाही. महिनाभर शर्ट बदलत होतो, पत्र या खिशातून त्या खिशात. तुझा एवढा राग आला होता की सांगता येत नाही. पाच वर्षं मी लोकांना काय सांगत होतो! एकच गोष्ट होती माझ्याकडं आणि तीही तू काढून घेतलीस.

डिसेंबरात एका गिऱ्हाइकाचा फ्रीज बघायला गेलो. आपल्याच मॉडेलचा. मी मागचं पॅनल उघडलं, चालू केला, आणि तो घुर्र करायला लागला. तेव्हा तू लिहिलं होतंस "पुढचं वाच", ते आठवलं. तिथंच, त्यांच्या स्वयंपाकघरात, स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून पुढचं पान वाचलं. घरमालकीण विचारायला लागली, काय झालं, करंट लागला का? मी म्हणालो, हो.

आता मी एक खरं सांगतो. तिकिटाचं निमित्त होतं. ते चौदा फिल्टर मालक मला फुकटातसुद्धा देत होता, मीच पैसे मोजले, का तर मग तिकिटाला उरणार नाहीत. त्याच्या आधी दोनदा रजा मंजूर झाली होती, मीच रद्द केली. अक्का, मला यायची भीती वाटते. मी दारात येईन आणि आतून "कोण, येडू का?" असं कुणी विचारणार नाही. इथं असलो की मला वाटतं ती तिथंच आहे, तुझ्या घरात, आणि तू फोन तिच्याकडं देत नाहीस एवढंच. आलो की संपलं. म्हणून मी फिल्टर पाठवत होतो. माणूस जिवंत असलेल्या घराला पाठवतात तसे.

ते चौदा आता दुकानात माझ्या कप्प्यात ठेवलेत. जुन्या मॉडेलवाली माणसं शोधत येतात, त्यांना देतो. तीन गेले.

२ मार्चचं तिकीट काढलंय. या वेळेला मालकाला सांगितलंय, मी रद्द करायला आलो तर ऐकू नका. हैदराबादला उतरून रेल्वेनं सोलापूरला येतो. स्टेशनवर कुणी यायला नको. आणि अक्का, दाजींना आधी सांग. मला एकदम बघून म्हाताऱ्याला काही व्हायला नको.

तुझा
येडू


॥ बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर
२ एप्रिल २०२५

चि. येडूस,
बजाक्काचा लई लई आशीर्वाद.

तू पोचल्याचा फोन आला, तरी हे लिवतेय. आता खोकं यायचं न्हाय, म्हणून म्या ठरवलं, आपनच आधी लिवायचं. पोस्टातली बाई म्हणाली, "मावशी, व्हिडिओ कॉल करा की." म्या म्हणाले, तेच्यात तो चांगला दिसतो, पर बोलत काय न्हाय.

तू गेल्यावर घर मोठं झालंय. सृष्टी विचारती, "मामाआजोबा फ्रीज उघडून का हसत व्हते?" पैल्या दिवशी तू आलास, पाय धुतलेस, तिकडं बघितलं सुदिक न्हाय. म्या मनात म्हणाले, आता बघंल, मग बघंल. तिसऱ्या दिवशी उघडलास. पिठाचा डबा काढलास, चटणीची बरणी काढलीस, वास घेतलास, आनि दार धरून किती येळ हसत व्हतास. मंग हसताना कवा रडायला लागलास ते तुलाच कळलं न्हाय. दाजी खुर्चीतनं उठून तुज्याजवळ आले. गुडघे दुखत्यात म्हणून जो माणूस पाण्याच्या दिवशी बी उठत न्हाय, तो उठला. "भंगारात घालू का?" तू विचारलंस. रुपाली एकदम ओरडली, "मामा, मग पीठ कुटं ठेवू?" तवा समदेच हसलो.

मैंदर्गीला गेलो तितलं एक सांगायचं राहिलं. अव्वाला माती दिली त्या बांधावर तू जाऊन बसलास, तवा मी दानेश्वरीकाकूकडं गेले. अव्वाची गावाकडची जुनी शेजारीण, आता तिला डोळ्यानं दिसत न्हाय. म्या म्हणाले, येडू आलाय. ती काठी टेकत बाहेर आली, आनि तू येताना तुज्या पायाचा आवाज ऐकून कन्नडात म्हणाली, "बंद्या मगा?" आलास का लेकरा? तू तिच्या पायाशी बसलास. मी मुद्दाम लांब गेले. तुमी काय बोलला मला म्हाईत न्हाय, विचारणार बी न्हाय. येताना एस्टीत तू खिडकीला डोकं लावून झोपलास. तोंड उघडं. घोरत व्हतास. पुढच्या शिटवरची बाई मागं वळून बघायला लागली. म्या तिला म्हणाले, "ताई, झोपू द्या. लई दिसानं झोपलाय."

आता शेवटचं. हे मी तुला कदी सांगितलं न्हवतं आनि तू हितं असताना बी तोंडातनं निघालं न्हाय.

दोन हजार सोळाला तू गेलास तवा घाईत व्हतास. रिक्षावाला हॉर्न वाजवत व्हता, बॅगेचा पट्टा तुटलेला. तू ह्याच दारातनं ओरडलास, "अव्वा, जातो गं!" आनि बसलास. अव्वा उंबऱ्यात उभी व्हती. ती म्हणाली, "येतो म्हण. येडू, येतो म्हण की रे." तू ऐकलं न्हाईस, रिक्षा वळली. ती कोपऱ्यापातूर चालत गेली, अनवाणी. त्या तीन वर्सात तिनं तुजी दुसरी एक बी तक्रार केली न्हाय. एवढंच म्हणायची, "माजं पोरगं जातो म्हणून गेलं." मी समजवायची, अव्वा, तोंडातनं निघालं, तेचं काय एवढं. पर तिच्या मनातनं गेलं न्हाय.

परवा तू निघालास तवा मी सैपाकघरात व्हते, तुज्या चटणीचं पुडकं बांधत. हात तेलाचे. रुपाली पुडकं घेऊन पळाली. मी बाहेर यायला आनि रिक्षा सुरू व्हायला एकच गाठ पडली. मी मनात म्हणतेय, आता हे पोरगं काय म्हणून जातंय कुणास ठावं. आनि गल्लीतनं, मोठ्यांदी, समद्यांला ऐकू जाईल असा, तुजा आवाज आला.

"अक्का, येतो गं!"

दारात मी एकटी व्हते. रिक्षा वळून गेली व्हती, ऐकायला कोण न्हवतं. तरी म्या म्हणाले,

ये.